डोंगर आणि भरती यांच्यामधला रस्ता

पनवेल खाडीच्या दक्षिणेला वसलेल्या उलव्यात पाणी दोन बाजूंनी येते. पावसाळ्यात ते डोंगरावरून ओहोळांवाटे खाली उतरते आणि वर्षभर, दिवसातून दोनदा, भरतीबरोबर खाडीतून वर चढते. या दोन पाण्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गव्हाण, वहाळ, मोरावे, तरघर, जासई, न्हावा ही आगरी-कोळ्यांची जुनी गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर ती पिढ्यान्‌पिढ्या जगली.

गेल्या काही वर्षांत याच पट्ट्यात राज्यातली काही सर्वांत मोठी बांधकामे एकमेकांना खेटून उभी राहिली. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू शिवडीहून खाडी ओलांडून उलव्याजवळच उतरतो. खारकोपर, बामणडोंगरी आणि पुढे उरणपर्यंत लोकल धावू लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा सुमारे सात किलोमीटरचा सहा पदरी उलवे किनारी मार्ग आम्र मार्गाला अटल सेतूच्या शिवाजीनगर जंक्शनशी आणि विमानतळाशी जोडण्यासाठी आखला गेला. यांतले प्रत्येक काम डोंगराचे पाणी खाडीकडे जाण्याच्या वाटेवर आडवे येते. त्यामुळे रस्ता बांधताना ओढे आणि खाडी कशी जपायची, हा प्रश्न उलव्याइतका ठळकपणे दाखवणारी जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाला माहीत आहे, अभियांत्रिकीलाही माहीत आहे. त्यातले बरेचसे आपल्या आगरी शेतकऱ्यांना शतकांपूर्वी सापडले होते.

आठ महिने कोरडे, चार महिने जिवंत

उलवे-जासईच्या डोंगरांतून निघणारे ओहोळ अगदी आखूड आहेत. उगमापासून खाडीपर्यंत काही थोडक्याच किलोमीटरचा त्यांचा प्रवास. दिवाळी सरली की पाणी आटते आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथे फक्त दगडगोटे आणि सुकलेले गवत उरते. रस्त्याची पाहणी बहुधा याच दिवसांत होते आणि धोका इथूनच सुरू होतो. गावनकाशावर नाला दाखवलेला असतो, जागेवर मात्र तो नजरेत भरत नाही. मग त्यावर भराव पडतो किंवा त्याच्या वाट्याला एखादा अरुंद पाइप येतो.

जूनमध्ये हाच ओहोळ काय करतो, हे समजायला साधा हिशेब पुरतो. एका तासात १०० मिलिमीटर पाऊस कोकणात दुर्मीळ नाही. तेवढा पाऊस एका हेक्टरवर पडला तर त्या जमिनीवर दहा लाख लिटर पाणी येते. जंगल असेल तर त्यातले बरेच पाणी पालापाचोळ्यात आणि मातीत मुरते, उरलेले सावकाश खाली उतरते. जमीन सोलून, दाबून, मुरमाने सपाट केलेली असेल तर त्यातले बहुतेक पाणी वाहू लागते. ऐंशी टक्के वाहिले असे धरले तरी एका हेक्टरमागे सेकंदाला २२० लिटरहून अधिक पाणी सुटते. डोंगराचा उतार पन्नास हेक्टरांचा असेल तर खालच्या मोरीतून सेकंदाला अकरा हजार लिटर पाणी जायला हवे.

याच दिवसांत ओहोळात एक विलक्षण हालचाल चालू असते. पहिल्या जोरदार सरींबरोबर गाबोळीने भरलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढतात, ओहोळांतून थेट भातखाचरांपर्यंत जातात आणि उथळ, नव्या पाण्यात अंडी घालतात. रायगडात या चढणीला वलगण म्हणतात. वलगणीचे मासे पकडायला सगळे गाव बाहेर पडते. निसर्गाने या माशांसाठी जो आठवडा ठरवला आहे, त्याच आठवड्यात उन्हाळाभर उकरून ठेवलेली सैल माती पहिल्यांदा पाण्यात उतरते. वर्षातले सर्वांत नाजूक पाणी आणि वर्षातला सर्वांत दाट गाळ एकाच वेळी एकाच पात्रात येतात. माशांच्या कल्ल्यांवर माती बसते, अंड्यांवर गाळाचा थर साचतो आणि त्यांना प्राणवायू मिळेनासा होतो. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी करून आपण समुद्रातल्या माशांना विणीचा काळ देतो. ओहोळातल्या माशांनाही तो मिळायला हवा.

थेंब, कण आणि वेळ

माती ओढ्यात जाते तेव्हा नेमके काय होते? सुरुवात एका थेंबापासून होते. पाच मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर, म्हणजे ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो आदळला की ढेकूळ फुटते, कण सुटे होतात आणि हात-दीड हात लांब उडतात. उतार असेल तर यातले बहुतेक कण खालच्या बाजूला पडतात. मग वाहते पाणी त्यांना उचलते. आधी पातळ पापुद्र्यासारखी माती निघते, नंतर बोटभर रुंदीचे ओघळ पडतात आणि पाहता पाहता त्यांच्या घळी होतात. गवताचे एक पाते किंवा पेंढ्याचा एक थर मध्ये आला की थेंबाचा सारा जोर तिथेच संपतो. म्हणून माती जपण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ती झाकलेली ठेवणे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या निरीक्षणानुसार बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारा गाळ शेतजमिनीच्या १० ते २० पट आणि जंगलजमिनीच्या १००० ते २००० पट असतो.

एकदा सुटलेला कण पुन्हा तळाशी बसायला किती वेळ घेतो, हे पाहिले की या साऱ्या विषयाची किल्ली हाती लागते. स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला एक दशांश मिलिमीटर जाडीच्या वाळूच्या कणाला दोनेक मिनिटे लागतात. त्याच्या एक दशांश आकाराच्या पोयट्याच्या कणाला तीन तास लागतात. आणखी दहापट लहान असलेल्या चिकणमातीच्या कणाला सुमारे तेरा दिवस. कण दहापट बारीक झाला की बसण्याचा वेळ शंभरपट वाढतो. वाळू ओहोळाच्या पहिल्या वळणावर पकडता येते, पोयटा एखाद्या तळ्यात अर्धा दिवस थांबवून पकडता येतो. चिकणमाती मात्र पाण्यात मिसळली की पावसाळ्याच्या धांदलीत तेरा दिवस कोणी थांबवू शकत नाही. कोकणातल्या काळ्या कातळाची झीज होऊन तयार झालेल्या मातीत चिकणमातीचा अंश भरपूर असतो. म्हणून इथे गढूळ पाणी शुद्ध करण्यावर विसंबता येत नाही. माती सुटणार नाही, याची तजवीज पावसाआधीच करावी लागते.

पुढचा टप्पा खाडीत घडतो आणि तो या गोष्टीतला सर्वांत नवलाचा भाग आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खारे पाणी मिळाले की क्षारांमुळे हा विरोध ओसरतो. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे हलके पुंजके बनतात आणि तेरा दिवस न बसणारी माती काही तासांत तळाशी जाते. नदी खाडीला मिळते तिथे चिखलाचे पसरट पट्टे तयार होतात ते यामुळेच. मुंबई बंदराच्या आणि ठाणे खाडीच्या कडेचे चिखलाचे पट्टे हजारो वर्षे असेच घडत आले. त्यांच्यावर शेवाळ वाढते, बिळात चिंबोरी राहते, निवट्या चिखलावर उड्या मारतो, ओहोटीला कालवे उघडी पडतात आणि हिवाळ्यात रोहित पक्षी चरायला उतरतात.

खाडीला थोडा गाळ हवाच असतो. अडचण येते ती गतीमुळे. खारफुटीतल्या तिवराची मुळे चिखलातून वर, वीतभर उंच येतात आणि हवेतून श्वास घेतात. वर्षाला काही मिलिमीटर गाळ साचला तर झाड त्याच्याबरोबर वाढत जाते. एकाच पावसाळ्यात हातभर गाळ आला तर श्वासमुळे गाडली जातात आणि झाड उभ्याउभ्या गुदमरते. भरतीचे पाणी भरावाने अडून राहिले तरी तेच होते, कारण मुळे ओहोटीला उघडी पडतच नाहीत.

उलवे नदीचा नवा मार्ग

या भागातले सर्वांत मोठे जलकाम विमानतळासाठी झाले. सुमारे ११६० हेक्टरांच्या या जागेत खाजणे होती, दलदल होती, नव्वद मीटरच्या आसपास उंचीची उलवे टेकडी होती आणि मधून उलवे नदी वाहत होती. जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना, २२ नोव्हेंबर २०१० रोजी, प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. तिच्या अटींत पाण्याला मोठे स्थान होते. उत्तरेची गाढी नदी वळवायची नाही, हे ठरले. उलवे नदीला नवा मार्ग द्यायचा होता. वाघिवली येथे २४५ हेक्टरांवर खारफुटी उद्यान करायचे होते. टेकडी सुरुंगाने फोडून तिचा दगड भरावाला वापरला गेला. पाण्याच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा सहभागी होती. १९१६ पासून नद्या, बंदरे आणि धरणे यांच्या प्रतिकृती बनवून पाण्याची चाल तपासणारी ही संस्था आहे.

नदी वळवणे म्हणजे नवा कालवा खणणे एवढेच काम नसते. सपाट खाजणात नदीचा उतार नावापुरता असतो. तिच्या मुखाशी पाण्याची पातळी भरती ठरवते. मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरांच्या घरात जातो. भरती चढत असताना डोंगराचे पाणी बाहेर पडूच शकत नाही. त्या दोन-चार तासांत ते कुठेतरी थांबायला हवे. पूर्वी ते भातशेतीत आणि खाजणांत पसरून थांबत असे. एक चौरस किलोमीटर सखल जमिनीवर अर्धा मीटर पाणी साचत असेल, तर ती जमीन पुराच्या दिवशी पन्नास कोटी लिटर पाणी धरून ठेवते. तिच्यावर उंच भराव झाला की ते पन्नास कोटी लिटर शेजारच्या सखल भागात जाते. विमानतळाचा भराव उंचावल्यावर जवळच्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरू लागले आणि त्या गावाच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे आला, तो यामुळेच.

मुंबईने याचा धडा आधीच घेतला होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीचे पात्र अतिक्रमणाने आणि भरावाने आक्रसले होते, विमानतळापाशी तिला काटकोनी वळणे घ्यावी लागत होती. त्याच दिवशी पनवेललाही गाढीच्या पुराने वेढले. ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबईच्या पुराची कारणे तपासून नदीच्या पात्राला मोकळी जागा देण्याची निकड मांडली. उलव्यातल्या प्रत्येक नव्या भरावाच्या आराखड्यावर ही निकड लिहिलेली असायला हवी.

उघाडीपासून झडपेच्या दरवाजापर्यंत

पाणी दोन बाजूंनी येणाऱ्या भूमीत कसे राहायचे, याचे उत्तर इथल्या शेतकऱ्यांनी केव्हाच शोधले होते. खाडीच्या कडेने ते मातीचे बांध घालत आणि बांधात लाकडी उघाडी बसवत. उघाडीचे दार वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेले असे. भरती आली की खाडीचे पाणी दाराला बाहेरून रेटून ते बंद करी, म्हणून खारे पाणी शेतात शिरत नसे. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याचा जोर बाहेरच्यापेक्षा वाढे, दार आपोआप उघडे आणि शेत रिकामे होई. कोणी राखण बसायला नको, इंधन नको. बांध फुटला तर मात्र सगळे गाव मिळून तो बांधत असे, कारण एकाचा बांध फुटला की सगळ्यांच्या शेतात खारे पाणी शिरे.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना याच तत्त्वावर धारण तलाव आखले. नोडमधली, म्हणजे शहराच्या नियोजित वसाहतींमधली, पावसाळी गटारे या तलावांत येतात. खाडीच्या तोंडाशी झडपेचे दरवाजे असतात. भरतीत ते बंद होतात आणि शहराचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला ते उघडतात आणि तलाव रिता होतो. समुद्रसपाटीच्या जवळ वसलेले शहर पंपांच्या फारशा आधाराशिवाय कोरडे ठेवणारी ही व्यवस्था नवी मुंबईच्या नियोजनातली फार मोलाची गोष्ट आहे.

तिचा शत्रूही गाळच. तलावाची क्षमता म्हणजे त्यातली मोकळी जागा. डोंगरावर खोदकाम, रस्त्यावर मुरूम, इमारतींच्या पायाची माती, हे सारे गटारांतून येऊन तलावात बसते. वर वर्णिलेल्या खाऱ्या पाण्याच्या किमयेमुळे ते इथे वेगानेही बसते. गाळ उंचावला की त्यावर खारफुटी उगवते. मग तलाव खोल करायचा तर खारफुटी तोडावी लागते आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे. नवी मुंबईतल्या जुन्या धारण तलावांपुढे हा पेच प्रत्यक्ष उभा आहे. डोंगराच्या कुशीत एका ठेकेदाराने मेमध्ये माती झाकली नाही, त्याची किंमत कित्येक वर्षांनी सगळा नोड गुडघाभर पाण्यातून मोजतो.

बांधकामाच्या जागेवर

मग रस्ता बांधताना नेमके काय करायचे? केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या रस्ते-पूल बांधकामाच्या मानक तांत्रिक अटींमध्ये मातीची धूप आणि गाळ रोखण्यासाठी कलम ३०६ आहे. तात्पुरते बांध, गाळतळी, उतारावरचे चर, गवत आणि आच्छादन अशा उपायांची त्यात तरतूद आहे. म्हणजे हे उपाय कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत, ते कामाचाच भाग आहेत. डोंगराच्या उतारावरून जाणाऱ्या एखाद्या रस्त्याचे काम डोळ्यांपुढे आणले तर त्यांचा क्रम असा दिसतो.

सर्वांत वर, खोदकामाच्या माथ्याच्या पलीकडे, आडवा चर खणतात. डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी या चरातून बाजूला नेऊन खालच्या ओहोळात सोडले जाते. त्यामुळे ते उघड्या मातीला शिवतच नाही. स्वच्छ पाणी वेगळे आणि गढूळ वेगळे ठेवणे, हा या विद्येचा पहिला नियम आहे. एकदा दोन्ही मिसळली की सगळेच पाणी गढूळ होते आणि सांभाळायच्या पाण्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढते.

दुसरा नियम वेळेचा. सगळा मार्ग एकदम सोलायचा नाही. जेवढा तुकडा पावसाआधी पक्का होऊ शकतो, तेवढाच उघडायचा. मेच्या मध्यापर्यंत उरलेले उतार झाकायचे. काथ्याची जाळी अंथरून तिच्याखाली गवताचे बी टाकले तर पहिल्या पावसात ते उगवते आणि जाळी कुजेपर्यंत मुळे पकड घेतात. वाळा तर आपलाच. त्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि माती जागीच धरून ठेवतात.

तिसरा टप्पा उताराच्या पायथ्याशी. इथे भू-वस्त्राची कुंपणे लावतात. कापडाची खालची कड जमिनीत चर खणून पुरलेली असावी लागते, नाहीतर पाणी तिच्याखालून निसटते. कुंपण गाळणीचे काम कमी आणि पाणी अडवून त्याला थांबवण्याचे काम जास्त करते. थांबलेल्या पाण्यातून वाळू आणि जाड पोयटा मागच्या बाजूला बसतो. तो गाळ कुंपणाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत चढला की काढावा लागतो. नाल्यांत ठरावीक अंतरावर दगडांचे छोटे बांध घालून पाण्याचा वेग मोडतात. शेवटी गाळतळे. त्याचा आकार अंदाजाने ठरवायचा नसतो. अमेरिकेत रूढ असलेला एक ठोकताळा दर एकराला ३६०० घनफूट, म्हणजे सुमारे एक लाख लिटर साठवण मागतो. कोकणातल्या सरी पाहता इथे याहून मोठी तळी लागतील.

मातीशिवाय आणखी एक पाणी फार घातक असते आणि ते दिसायला निरुपद्रवी वाटते. काँक्रीटची गाडी रिकामी झाल्यावर ड्रम धुतात ते राखाडी पाणी. सिमेंटमुळे त्याचा सामू १२ च्या वर जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. सामूच्या मोजपट्टीत प्रत्येक अंक दहापट असतो, म्हणून सामू १२ चे पाणी सामू ८ च्या पाण्यापेक्षा दहा हजार पट अल्कधर्मी असते. उन्हाळ्यातल्या डबक्यात असे ड्रमभर पाणी पडले तर तिथली मासळी तासाभरात मरू शकते. यासाठी ओढ्यापासून दूर, प्लास्टिक अंथरलेला खड्डा करून तिथेच गाड्या धुवायच्या. पाणी वाळले की उरलेला थर भरावात वापरता येतो. डिझेलची साठवण, डांबराचे बॉयलर आणि मजुरांच्या वस्तीची शौचालये हीही प्रवाहापासून लांबच हवीत.

मोरी बांधताना पाण्याबरोबर माशांचाही विचार करावा लागतो. मोरीचा तळ ओहोळाच्या तळापेक्षा उंच राहिला तर खालच्या बाजूला छोटा धबधबा होतो आणि वलगणीचा मासा तो चढू शकत नाही. तळ नैसर्गिक पात्रापेक्षा थोडा खाली ठेवला की त्यात दगडगोटे साचतात आणि माशांना मोरीही ओहोळच वाटते. एवढ्याशा फरकाने वरचा सगळा प्रवाह जिवंत राहतो.

खाडीवरून जाताना

खाजणात आणि खाडीवर रस्ता नेण्याचे दोन मार्ग आहेत. भराव किंवा खांब. भराव स्वस्त पडतो, पण तो भरती अडवतो. अटल सेतूची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर. त्यातला सुमारे १६.५ किलोमीटरचा भाग पाण्यावर आहे. चिखलाच्या पट्ट्यांवर काम करायला माणसे आणि यंत्रे नेण्यासाठी तात्पुरते पूल उभारले गेले, त्यामुळे पट्टे भरावाखाली गाडले गेले नाहीत. दोन खांबांमधल्या मोठ्या गाळ्यांसाठी पोलादी तक्तपोशी वापरली गेली. त्यातला सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे. गाळा लांब असला की खांब कमी लागतात, खांब कमी असले की खाडीच्या तळाला कमी ठिकाणी हात लागतो. शिवाय पोलादी आणि काँक्रीटचे तयार भाग कारखान्यात आणि आवारात बनवून आणले की पाण्यावर ओतायच्या काँक्रीटचे प्रमाणही घटते.

कायद्याची चौकट इथे भक्कम आहे. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील सर्व खारफुटीच्या नाशावर बंदी कायम केली आणि खारफुटीभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा मानला. सार्वजनिक प्रकल्पासाठी खारफुटी तोडायची असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार रस्ता खारफुटीतून गेला तर बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट खारफुटी लावावी लागते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

लागवडीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे उभ्या खारफुटीपर्यंत भरती पोहोचत राहणे. उलवे किनारी मार्गासारख्या रस्त्याच्या आतल्या बाजूला जी खारफुटी राहते, तिला दिवसातून दोनदा खारे पाणी मिळाले नाही तर ती कोणी न तोडताही मरते. म्हणून अशा रस्त्यात जिथे जिथे भरतीच्या पाण्याची लहानमोठी वाट आहे, तिथे तिथे पुरेशी रुंद मोरी किंवा पूल हवा.

रस्ता खुला झाल्यावर

पाण्याची काळजी उद्घाटनाच्या फितीबरोबर संपत नाही. टायर झिजतात, ब्रेकची भुकटी पडते, तेल ठिबकते आणि पहिल्या पावसात हे सगळे एकदम ओढ्यात येते. अमेरिकेच्या सिएटल परिसरात कोहो जातीचे सामन मासे पावसानंतर ओढ्यात चढले की अंडी घालण्याआधीच मरत. कित्येक वर्षांच्या शोधानंतर शास्त्रज्ञांना २०२० मध्ये कारण सापडले. टायर टिकावे म्हणून त्यात घातलेल्या एका रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारा पदार्थ त्यांना मारत होता. हे मासेही पहिल्या पावसाबरोबर प्रवाहात चढणारे होते. त्यांच्यासाठी सुचवला गेलेला उपाय साधा आहे. रस्त्याचे पाणी थेट ओढ्यात न सोडता गवताच्या आणि मातीच्या पट्ट्यातून झिरपू द्यायचे. उलव्यातही रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्ट्यांवर फरशी न घालता हिरवळ राखली तर हे काम सहज होते.

रस्ता आणि पाणी एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत असे नाही, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांसाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले आणि नद्या खोल करून घेतला गेला. रस्त्याला भराव मिळाला, गावाला साठवण मिळाली. या पद्धतीला बुलढाणा पॅटर्न म्हणून देशभर ओळख मिळाली. खारफुटीला धक्का न लागता गाळ काढता येईल असे तलाव निवडले, तर उलवे-पनवेल पट्ट्यातही रस्त्याच्या भरावाची गरज आणि साठवणीची गरज एकमेकांना पूरक ठरू शकतात.

पाऊस येण्याआधी

या साऱ्याचे सार वेळापत्रकात आहे. ओढा जपण्याचे निर्णय नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत होतात. जूनमध्ये त्यांचा फक्त निकाल लागतो. गावनकाशावरचा प्रत्येक नाला मोरीच्या यादीत आहे का? मोरीची रुंदी तासाला १०० मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने आणि भरतीची पातळी धरून काढली आहे का? माथ्यावरचा चर, काथ्याची जाळी, कुंपण आणि गाळतळे यांचे पैसे निविदेत वेगळे दाखवले आहेत का? मेअखेर किती हेक्टर माती उघडी असेल? हे प्रश्न ग्रामसभेत, पर्यावरणविषयक जनसुनावणीत आणि माहितीच्या अधिकारात कोणताही रहिवासी विचारू शकतो. त्यांची उत्तरे ठेकेदाराकडे, प्राधिकरणाकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कागदावर असायलाच हवीत.

उलव्यात पुढची कित्येक वर्षे बांधकामे चालू राहणार आहेत. शहर वाढणार, रस्ते लागणार, यात वाद नाही. पण पाणी या भूमीत शहराच्या आधीपासून आहे आणि त्याच्या दोन्ही वाटा पक्क्या ठरलेल्या आहेत. इथल्या जुन्या माणसांनी त्या वाटा ओळखून बांध आणि उघाड्या घातल्या, म्हणूनच खाऱ्या खाडीच्या काठावर गोडे भात पिकले. आजच्या अभियंत्याच्या हाती गणित आहे, प्रतिकृती आहेत, भू-वस्त्र आहे आणि कायद्याचे बळ आहे. आधी पाण्याची वाट आखावी आणि मग तिच्यावरून रस्ता न्यावा. हा क्रम पाळला तर उलव्याला रस्ताही मिळेल आणि वलगणीचे मासेही चढत राहतील.